बिनआवाजाची उडी

भिंगरीला भिंगरी म्हणायचे, कारण ती कधी एका जागी उभी राहिलीच नव्हती. फुटबॉल पायात आला की ही पोर कुठून कुठे जाईल ते तिचं तिलाही ठाऊक नसायचं. गेल्या हंगामात अशीच गर्रकन वळली आणि डाव्या गुडघ्यातलं लिगामेंट तुटलं. शस्त्रक्रिया झाली. मग कितीतरी दिवस ती छताला डोळे लावून पडून राहिली.

आता रविवारी अंतिम सामना होता. भिंगरीने खेळायचं की नाही, हे ठरवणार होती तिची सख्खी आत्या, आणि तिथेच सगळी गोची होती.

आत्या क्लबची व्यायाम-प्रशिक्षक. प्रेक्षकांच्या पायऱ्यांखालच्या तिरप्या छताच्या खोलीत तिचं राज्य चालायचं. रबरी चटया, लोखंडी वजनं, मलमाचा वास. या खोलीत शिरताना नातं चपलांबरोबर बाहेर काढून ठेवायचं आणि तिला 'बाई' म्हणायचं. एखादी मुलगी 'असं झालं असतं तर' म्हणून कुरकुरली, की बाई स्वतःच म्हणायची, "आत्याबाईला मिशा असत्या तर काका म्हटलं असतं!" त्यावर कुणी हसलं, तर तिच्या वाट्याला जास्तीच्या बैठका. ती स्वतः जरा लंगडायची. कुठल्यातरी मोठ्या सामन्यात तिचा गुडघा कामी आला, अशी सगळ्या मुलींची खात्री होती. बाईने त्यावर कधी हो म्हटलं नव्हतं, नाहीही म्हटलं नव्हतं.

तिचं एकच वेड होतं, उतरणं. "उडी कुणीही मारतं गं. खाली येताना गुडघा आत कलला की संपलं. मांजरीसारखं उतरा. मला आवाज ऐकू येता कामा नये." मुली उडी मारत तेव्हा ती चक्क डोळे मिटून ऐकत उभी राहायची. धप्प आवाज आला की पुन्हा.

भिंगरीनेही महिनोन् महिने सगळं केलं. मांड्यांना रबरी पट्टा बांधून खेकड्यासारखं आडवं चालली. एका पायावर बसून उठली. गुडघे टेकून, जोडीदारणीला घोटे दाबून धरायला लावून, सगळं अंग सावकाश पुढे सोडण्याचा तो जीवघेणा व्यायामही केला. पण उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, तशी तिची गत. तिला फक्त रविवार दिसत होता.

शुक्रवारी चाचणी होती. एका पायावर लांब उडी मारायची, टाच टेकेल तिथे बाई खडूने रेघ ओढणार. आधी चांगला पाय, मग दुखरा. दुखऱ्या पायाची रेघ चांगल्याच्या रेघेला जवळजवळ भिडली तरच मैदान. भिंगरीने घरी फरशीवर गुपचूप करून पाहिलं होतं. डावा पाय चांगला वीतभर मागे पडत होता. ती हिरमुसली. आणि मग तिच्या सुपीक डोक्यात आलं की डावा पाय पुढे जात नसेल, तर उजव्याला मागे ठेवायला कोण नाही म्हणतंय?

शुक्रवारी तिने उजव्या पायाने बेताची उडी मारली, चेहऱ्यावर मात्र डोंगर ओलांडल्याचा भाव. मग डाव्याने जीव तोडून. दोन्ही रेघा शेजारी शेजारी आल्या. बाईने त्या दोनदा पाहिल्या. "जमलं," ती म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आल्यासारखे वाटले. भिंगरीने तिच्या नजरेला नजर न देता दाराकडे मोर्चा वळवला.

त्या खोलीची एक रीत होती. चाचणी पार झालेल्या मुलीने जाताना उडी मारून दारावरच्या गरम पाण्याच्या पाइपाला हात लावायचा. पाइपावरची कापडी गुंडाळी तेवढ्याच जागी झिजली होती. भिंगरी धावली, उजव्या पायावर उसळली आणि नुसता हात नाही, अख्खा पंजा पाइपावर थापटून खाली आली.

"थांब," मागून आवाज आला. "हाच ना तो पाय? आत्ता त्या रेघेपाशी दमला होता तो?"

चोरी पकडली गेली होती. पुन्हा उडी झाली, खरी. उजव्याची रेघ ऐटीत पुढे गेली, डाव्याची मागे राहिली.

"रविवारी तू बाकावर."

"एक वीत गं फक्त!" भिंगरी रडतच ओरडली. "आत्या आहेस की वैरीण?"

बाईने या वेळी 'इथे मी आत्या नाही' म्हटलं नाही. ती चटईवर तिच्याशेजारी बसली. "माझा गुडघा कसा गेला माहितीये? पडदे लावताना स्टुलावरून पडले. कसला सामना नि कसलं काय! पण स्टुलाने नाही वाट लावली. दोन महिन्यांत 'मला काही होत नाही' म्हणत मैदानात उतरले, त्याने लावली. मीपण सगळ्यांना शेंडी लावली होती. तू फसवलंस त्याचा राग आलाय मला. पण मी फसले, याची जास्त भीती वाटते. रविवारी तुझा गुडघा पुन्हा गेला असता, तर दादाला काय तोंड दाखवलं असतं मी?"

भिंगरीने नाक पुसलं.

रविवारी तिचा संघ तिच्याशिवाय जिंकला. तिला आनंद झाला आणि वाईटही वाटलं, दोन्ही अगदी खरं. सोमवारी खोली उघडायच्या आधीच ती दारात उभी होती.

नव्या हंगामाच्या तोंडावर पुन्हा रेघा ओढल्या गेल्या. या वेळी उजवा पाय जितका जातो तितका गेला, आणि डावा त्याच्या टाचेला टाच लावून उभा राहिला. बाईने नुसती मान हलवून दाराकडे बोट केलं.

भिंगरी धावली. शेवटच्या पावलाला तिने पाय बदलला आणि डाव्यावर उसळली. बोटं वर गेली, वर गेली, आणि पाइपाच्या जरा खालूनच परत फिरली. ती त्याच पायावर उतरली. गुडघा आत न कलता, जागच्या जागी. ओशाळून तिने मागे वळून पाहिलं.

आत्या डोळे मिटून उभी होती.

"उतरलीस का गं?" तिने विचारलं. "मला काहीच ऐकू आलं नाही."