दमट हवेतलं लिथियम

माझ्या पोटात दुखत होतं, आणि ते मी लपवणार नाही. रत्नमालाचं लिथियम जाळीवर पसरलं त्या दिवशी केशव सरांनी अख्ख्या विभागाला चहा पाजला. माझं इतकी वर्षं पसरत नव्हतं, तेव्हा कुणी साधं पाणी विचारलं नाही.

आमचं काम थोडक्यात सांगते. सूर्यासारखी ऊर्जा तयार करायच्या यंत्रात प्लाझ्मा इतका तापतो की समोरची भिंत झिजते, तडकते. म्हणून भिंतीवर वितळलेल्या लिथियमचा थर ठेवायचा. पातळ धातूला तडा कसला जाणार? झिजला तर मागनं नवा येतो. तो गळू नये म्हणून स्टीलच्या बारीक जाळीत धरायचा, समईच्या वातीत तेल राहतं तसा. पण जरा ओल लागली की लिथियम काळं पडतं आणि जाळीत न मुरता थेंब थेंब होऊन बसतं. माझं कायम तसंच बसलं.

गुजरातेतल्या एका मोठ्या यंत्रात आमची जाळी बसणार होती आणि ती घेऊन आमच्यातल्या एकीनंच जायचं होतं. मी सिनियर. जाणार मीच, असं मी आईला, मावशीला, गुलमंडीतल्या आमच्या साडीवाल्यालासुद्धा सांगून बसले होते. अन् ही गेल्या दिवाळीनंतर आलेली पोरगी जाळीतली ओल जावी म्हणून ती आधी दिवसभर रिकामीच तापवत बसली, आणि तिचं जमलं.

हेव्यानं माणसाला लई सुचतं. मी सरांना म्हटलं, हे काम दुष्काळानं केलंय, हिनं नाही. लातूरला रेल्वेनं पाणी न्यावं लागलं, ते वर्ष होतं ते. हवा इतकी कोरडी की ओठ फुटायचे. माझे बहुतेक प्रयोग पावसाळ्यात झालेले, तर हिनंही दमट हवेत करून दाखवावं. सर विचारात पडले आणि मुद्दा बरोबर आहे म्हणाले. रत्नमाला नुसतं बरं म्हणाली. तिनं भांडावं अशी माझी फार इच्छा होती.

दमट हवेसाठी खोलीत कूलर लावायचं ठरलं. विभागाच्या टाकीत खडखडाट, म्हणून पाणी मी घरनं आणलं. आमच्याकडं नळ आठवड्यातनं एकदा यायचा. आईनं वेड लागलंय का विचारलं, तरी स्कूटीवर पुढं कॅन ठेवून मी फेऱ्या मारल्या. सगळं शहर टँकरमागं पळत होतं आणि मी पाणी हवेत उडवत होते, तिचं लिथियम काळं पडावं म्हणून. लाज वाटायला हवी होती. वाटली नाही.

दुपारपर्यंत खोलीतलं सगळं हाताला चिकट लागायला लागलं. रत्नमालानं हवाबंद काचेच्या पेटीच्या रबरी हातमोज्यांत हात घातले. पेटीत कुठनंही ही हवा शिरली असती, तर धातूवर काळपट साय धरली असती. मी काचेला नाक लावून उभी होते आणि मनात म्हणत होते, पड, काळं पड. ते चकाकत राहिलं आणि बघता बघता सगळ्या जाळीत मुरलं. सर खूश. गुजरातवाल्यांनी हीच शंका काढली होती म्हणे, त्यांच्याकडं पावसाळ्यात हवा दमट असते. आता त्यांना नाही म्हणायला जागाच नव्हती. माझ्या घरच्या पाण्यावर रत्नमालाचं जाणं पक्कं झालं आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

सर गेल्यावर मी कॅन गोळा करायला लागले. ती मागं येऊन उभी राहिली. आता टोमणा मारणार असं वाटून मी उत्तर तयार ठेवलं.

"ताई, कूलरमधलं उरलेलं पाणी टाकणार असाल तर मी नेऊ का?" ती म्हणाली. "चितेगावकडं आमच्या नव्या प्लॉटिंगमध्ये नळच नाय. बोअर आटलंय, अन् टँकर येतो तेव्हा मी इथं असते."

मी म्हटलं, ने. वाळ्याचा वास लागलेलं ते पिवळट पाणी तिनं नळी लावून भरून घेतलं, थेंब सांडू दिला नाही. आज कपडे धुवून होतील म्हणाली आणि खुशीत निघून गेली.

तिच्या जागी मी असते, तर हरलेल्या बाईपुढं पाण्यासाठी हात पसरला नसता. पारोशी राहिले असते, पण तोंड उघडलं नसतं. गुजरात मी एक वेळ विसरेन. तिचं ते सरळ येऊन मागणं मला जन्मात जमलं नसतं, आणि सगळ्यात जास्त हेवा मला त्याचाच वाटला.