जावक क्रमांक सत्तावीस

बद्रीनाथ सुधारले आणि कौशल्याबाईंच्या जिवाला घोर लागला.

चाळीस वर्षं ज्या माणसाने चहाच्या पहिल्या घोटाला तोंड वाकडं केलं, तो एके सकाळी कप खाली ठेवून "छान झालाय हं" म्हणाला, तेव्हा बाईंनी आधी कपाळाला हात लावून ताप आहे का ते पाहिलं. ताप नव्हता. दुसऱ्या दिवशी त्या भाजीत मीठ घालायला विसरल्या. बद्रीनाथ मुकाट जेवले आणि वर आपलं ताट स्वतः उचलून मोरीत ठेवून आले. आता मात्र बाई खरोखरच घाबरल्या. पूर्वी मीठ कमी पडलं तर ते कौशल्यामुळे, बस चुकली तर कौशल्यामुळे, आणि आठवडाभर नळाला पाणी आलं नाही तर तेही या ना त्या वाटेने कौशल्यामुळेच. संसाराची घडी अशी व्यवस्थित बसलेली असताना हे काय नवीन, असं त्यांना झालं.

विश्रांतवाडीतल्या त्या चार मजली सोसायटीत बद्रीनाथ म्हणजे काय प्रकरण होतं, हे बाहेरच्याला सांगून कळायचं नाही. खडकीच्या दारूगोळा कारखान्यात त्यांनी तेहतीस वर्षं स्टोअर सांभाळलं. निवृत्त झाल्यावर इतर लोक बागेत जातात, नातवंडं खेळवतात. बद्रीनाथ निनावी अर्ज करू लागले. कुणी गॅलरीला जाळी लावली की अर्ज. कुणाचं कुत्रं भुंकलं की अर्ज. मजकूर डाव्या हाताने लिहायचा, खाली सही "एक त्रस्त नागरिक", आणि टपालाच्या शिक्क्यावरून पत्ता लागू नये म्हणून दोन बस बदलून पाकीट थेट कर्वेनगरच्या पेटीत टाकून यायचं. एवढी खबरदारी घेणारा हा माणूस प्रत्येक अर्जाची कार्बन प्रत मात्र काढून ठेवायचा! वर लाल शाईने जावक क्रमांक घालून ती कपाटावरच्या फाइलीत लावायचा. स्टोअरच्या माणसाला कागदाची एकुलती एक प्रत बघवत नाही. गुन्हा निनावी आणि पुरावा क्रमवार, असा हा कारभार होता.

मग गेल्या वर्षी त्यांच्या छातीत दुखलं आणि सोळा दिवस रुग्णालयात काढावे लागले. शेजारच्या खाटेवर पाय प्लास्टरमध्ये अडकवून खडकीचे पास्टर रतन पडले होते. पास्टर पहाटे उठून भजनं म्हणायचे, आणि फार वाईट म्हणायचे. तिसऱ्या दिवशी बद्रीनाथांनी सवयीने अर्ज केला. सिस्टरने तो भर वॉर्डात मोठ्याने वाचून दाखवला. पास्टर हसले आणि म्हणाले, "अगदी बरोबर आहे हो. मी बेसूरच गातो. त्रास झाला तुम्हाला, माफ करा." एवढं बोलून त्यांनी आपल्या सफरचंदाची अर्धी फोड पुढे केली.

"आयुष्यात एकशे चाळीस अर्ज केले," बद्रीनाथ घरी आल्यावर म्हणाले, "पण 'बरोबर आहे, माफ करा' असं कुणी म्हटलं नव्हतं. मला रडू आलं, कौशल्या."

तिथून सुरुवात झाली. आधी ते पास्टरांना भेटायला जाऊ लागले, मग रविवारी उपासनेला, आणि आता येत्या रविवारी त्यांचा बाप्तिस्मा होता. दिरांनी फोनवरून आकाशपाताळ एक केलं. कौशल्याबाईंनी एकच अट घातली, "माझ्या देव्हाऱ्याला हात लावायचा नाही." बद्रीनाथ म्हणाले, "नाही लावणार. उलट समईत तेल संपलंय, आणून ठेवू का?" अशा माणसाशी भांडायचं तरी कसं?

खरी पंचाईत पुढे आली. बाप्तिस्म्याआधी साक्ष द्यायची, म्हणजे आपण कोण होतो आणि कोण झालो हे मंडळीपुढे उभं राहून सांगायचं, अशी तिथली रीत. पास्टर म्हणाले, "माइकवर साक्ष देणं सोपं असतं, बंधू. ज्यांचं वाईट केलंत त्यांच्या दारात उभं राहून द्या." बद्रीनाथ घरी आले, स्टूल घेतलं आणि कपाटावरची फाइल खाली काढली.

सोमवारपासून ते क्रमाने निघाले. जावक क्रमांक चारचे आमोद पहिल्या मजल्यावर राहायचे. त्यांना बद्रीनाथांनी सांगितलं, "तुमच्या जाळीची तक्रार मी केली होती." आमोद म्हणाले, "काका, चिल! जुनी गोष्ट आहे." मग त्यांचा चेहरा हळूहळू उतरला. "म्हणजे तो अर्ज तुमचा? आम्ही तर आईवर संशय घेऊन तिला ताईकडे नाशिकला पाठवलं!" आतून त्यांच्या बायकोचा, सुरुचीचा आवाज आला, "असू दे, असू दे! आता लगेच बोलावणं पाठवू नकोस." अकराव्या क्रमांकाच्या सुनीती मॅडमनी सगळं ऐकून दार धाडकन लावलं. नीट बोलायचं राहिलं म्हणून पुन्हा उघडलं, "नालायक माणूस" असं स्पष्ट उच्चारलं आणि परत लावलं. बद्रीनाथ बंद दाराला "आभारी आहे" म्हणून खाली आले. परत फिरायला सोपं पडावं म्हणून त्या दिवसापासून ते कुणाच्या दारात चपला काढेनासे झाले.

कौशल्याबाई हे सगळं पाहत होत्या आणि मनात आकडे मोजत होत्या. एकोणीस झाला. बावीस झाला. गुरुवारी संध्याकाळी सव्वीस झाला आणि त्यांनी मोजणं थांबवलं.

कारण जावक क्रमांक सत्तावीस म्हणजे तळमजल्याच्या यमुनाबाई.

यमुनाबाई पूर्वी गॅरेजमध्ये मिरची कांडपाचं यंत्र चालवायच्या. उन्हाळ्यात यंत्र सुरू झालं की चारही मजले एका सुरात शिंकायचे. पाच वर्षांपूर्वी कुणीतरी अर्ज केला, क्षेत्रीय कार्यालयाची माणसं आली आणि यंत्र बंद झालं. यमुनाबाईंनी तिसऱ्या मजल्यावरच्या सीताराम गुरुजींवर ठपका ठेवला. कारण काय, तर ते सर्वांत मोठ्याने शिंकायचे. तेव्हापासून संक्रांतीला अख्ख्या सोसायटीत तिळगूळ जायचा, गुरुजींकडे जायचा नाही. अंगण धुताना पाइप नेमका गुरुजींच्या स्कूटरवर वळायचा.

कौशल्याबाईंचा मात्र रोज दुपारी चारचा चहा यमुनाबाईंकडे ठरलेला. मुलगी उत्कर्षा बंगळूरला, नवरा असा, माहेरचं कुणी उरलं नाही. जगात आपलं म्हणावं असं ते एक दार होतं. बद्रीनाथ रुग्णालयात होते तेव्हा सोळाही दिवस यमुनाबाई डबा घेऊन आल्या होत्या. आणि अर्ज क्रमांक सत्तावीसच्या वेळी बद्रीनाथ मोरीत घसरून दोन्ही हात बांधून बसले होते. ते सांगत गेले आणि लिहिलं होतं कौशल्याबाईंनी. नाही म्हणता आलं असतं. पण कुकरच्या शिट्ट्या होत होत्या, हे कटकट थांबवेनात, आणि त्या दिवशी त्याही वीसेक वेळा शिंकल्या होत्या. तिसरं वाक्य तर चक्क त्यांचं स्वतःचं होतं.

शुक्रवारी सकाळी बद्रीनाथ आंघोळीला गेले. बाईंनी फाइलीतून सत्तावीस नंबर काढला आणि हरभऱ्याच्या डाळीच्या डब्यात तळाशी खुपसला.

बद्रीनाथांनी फाइल उघडली. "सव्वीस... अठ्ठावीस. कौशल्या, सत्तावीस कुठंय?"

"उंदराने खाल्ला असेल."

"अगदी मोजून सत्तावीसच? शिकलेला दिसतोय उंदीर." एवढं बोलून त्यांनी जीभ चावली. "माफ कर. जिभेची सवय जायला वेळ लागेल. पण कागद नसला तरी मला आठवतंय, त्या यमुनाबाईच."

कौशल्याबाई स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आल्या. "अहो, आता तुम्ही खोटं बोलत नाही ना?"

"नाही."

"थोडंसुद्धा नाही?"

"कौशल्या, परवा रिक्षावाल्याने वय विचारलं, तेही खरं सांगितलं मी."

"मग त्या अर्जाचं अक्षर कुणाचं होतं, ते आठवतंय का?"

बद्रीनाथांनी फाइल मिटून तिची दोरी बांधली. कौशल्याबाईंना रडू कोसळलं. "तुमचं पाप धुऊन निघेल हो, पण माझा चहा बंद होईल! ती बाई मला उभ्या जन्मात दारात उभी करायची नाही."

"मला गेलंच पाहिजे," ते हळू म्हणाले. "तू नको येऊस."

पण घरी बसून ऐकू येतं थोडंच? बाई मागोमाग निघाल्या.

यमुनाबाई दारातच वाल सोलत बसल्या होत्या. "या भाऊजी! आज सकाळीच? आणि चपला का नाही काढत?"

बद्रीनाथ उंबऱ्याबाहेर ताठ उभे राहिले. कौशल्याबाई जिन्याच्या कठड्याला धरून उभ्या होत्या. आता हा माणूस 'आम्ही दोघांनी' म्हणणार, नाहीतर जुन्या सवयीने 'हिनेच' म्हणणार, याची वाट पाहत त्यांनी डोळे मिटून घेतले.

"यमुनाबाई," बद्रीनाथ म्हणाले, "तुमच्या कांडपाविरुद्धचा अर्ज सीताराम गुरुजींनी केला नव्हता. तो माझा होता. कल्पना माझी, शब्द माझे, वाईट बुद्धी माझी. तुमचं पोट ज्याच्यावर चालायचं ते मी बंद पाडलं. माफी मागायला आलोय. शिव्या द्यायच्या तर द्या, मी उभा आहे."

बस, एवढंच बोलले. कौशल्याबाईंनी डोळे उघडले. एकही शब्द खोटा नव्हता, आणि त्यात त्यांचं नाव कुठेच नव्हतं. मिठापासून नळाच्या पाण्यापर्यंत सगळं बायकोच्या माथी मारणाऱ्या माणसाने, जिथे ती खरोखरच सामील होती तिथेच तिला बाजूला ठेवलं होतं. ताट उचललं, चहा छान म्हटलं, त्याने बाईंची खात्री पटली नव्हती. ती आत्ता पटली. हा माणूस खराच बदलला आहे, असं त्यांच्या मनात आलं आणि ऊर भरून आला. लगेच दुसरं हेही मनात आलं की आता या दोघांत लबाड एकटी मीच उरले. ते काही त्यांना सहन होईना.

"शब्द सगळे त्यांचे नव्हते," त्या एकदम बोलून गेल्या. "अक्षर माझं होतं, यमुनाबाई. यांचे हात प्लास्टरमध्ये होते. मी लिहिलं."

यमुनाबाईंनी हातातला वाल सोलून वाटीत टाकला. "माहीत आहे मला," त्या म्हणाल्या.

"काय?"

"पाच वर्षं झाली. कार्यालयातल्या साहेबाने अर्ज दाखवला होता मला. सगळी ओळ लिहून झाल्यावर वर एका झटक्यात लांबलचक रेघ कोण मारतं गं? माझ्या वहीत तू लिंबाचं लोणचं तसंच लिहून दिलंयस."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"काय बोलू? तुझ्याशी भांडले असते तर चारला चहा कुणाबरोबर घेतला असता? माझं तरी दुसरं कोण आहे इथे?" यमुनाबाईंनी परातीतून पुढचा वाल उचलला. "एक सांग. 'वृद्ध माणसांचा घास घशात अडकतो' हे वाक्य कुणाचं?"

"माझं," कौशल्याबाई पदरात तोंड लपवून म्हणाल्या.

"वाटलंच. भाऊजींना इतकं छान सुचायचं नाही."

दोघी हसता हसता रडू लागल्या. बद्रीनाथांना मात्र हिशेब कुठेतरी चुकल्यासारखा वाटत होता. "पण यमुनाबाई," त्यांनी विचारलं, "तुम्हाला सगळं ठाऊक होतं, तर मग ते गुरुजी? तो तिळगूळ? ती स्कूटर?"

यमुनाबाईंचं हसू थांबलं. "राग तर आला होता ना, भाऊजी," त्या खाली बघत पुटपुटल्या. "कुठेतरी काढायला नको? आणि ते शिंकायचेही किती मोठ्याने!"

यमुनाबाईंनी वालाची परात बाजूला सारली, आत जाऊन घरच्या मसाल्याची एक बरणी घेतली आणि गुडघ्यावर हात ठेवत जिना चढू लागल्या. मागून हे दोघे निघाले. तिसऱ्या मजल्यावर गुरुजींच्या दारापाशी त्या थबकल्या. बेलकडे गेलेला हात परत आला.

"भाऊजी, तुम्हाला सवय आहे. सुरुवात कशी करायची असते?"

"आधी," बद्रीनाथ गंभीरपणे म्हणाले, "चपला काढायच्या नाहीत."

कौशल्याबाईंनी यमुनाबाईंचा हात घट्ट धरला आणि दुसऱ्या हाताने बेल दाबली.