रुचीच्या डोळ्यातलं कडं

मंगळवारी अर्जुनी मोरगावची बस गावच्या फाट्यावर अर्धी रिकामी व्हायची. उतरलेले सगळे उमराव कापगत्याच्या अंगणात, देवी पाहायला.

देवी म्हणजे त्याची एकोणीस वर्षांची मुलगी रुची. कपाळभर कुंकू फासून चौरंगावर बसवलेली; हात थरथरताहेत, मान एका बाजूला ओढली जाते आहे. शेजारी गोवर्धन महाराज. तो तिच्या डोळ्यावर टॉर्च मारून ओरडायचा, "पहा! बुबुळाभोवती सोन्याचं कडं! आईनं आसन मांडलं इथं!"

कडं खरंच दिसायचं. बाया रडायच्या, नारळ फुटायचे.

आपल्या आत कोणीही आलेलं नाही, हे एकट्या रुचीला ठाऊक होतं. वर्षभरापूर्वी कॉलेजात तिचं अक्षर वाकडं होऊ लागलं. मग हात गेले, मग जीभ जड झाली. डोक्यातले सरळ शब्द तोंडातून लापशीसारखे पडायचे. "माय, भूक लागली," असं ती म्हणाली की महाराज डोळे मिटून अर्थ लावायचा, "आई म्हणते, कोंबडा पायजे." कोंबडा त्याच्याच ताटात जायचा. एकदा तिनं लघवीला जायचं म्हणून सांगितलं. महाराजानं जाहीर केलं, यंदा तलाव भरून वाहणार!

रोज पहाटे तिला तीर्थ मिळायचं: तांब्याच्या लोट्यात रात्रभर ठेवलेलं लिंबूपाणी. थरथर वाढतच गेली. "देवीचा जोर वाढून राहिला," महाराज म्हणाला. रुचीला त्याचा गळा धरावासा वाटायचा, पण हात कुठे ऐकत होते!

तिचं बोलणं फक्त धाकट्या रविताला कळायचं. बारावीतल्या या पोरीनं, शाळेत तपासणीला आलेल्या डॉक्टर मंजूंना एके दिवशी थेट घरी आणलं. डॉक्टरांनी रुचीचे डोळे पाहिले आणि दोघी बहिणींचं रक्त तपासायला नेलं. पुढच्या मंगळवारी त्या भरल्या अंगणात उभ्या राहिल्या.

"कडं आहे, पण सोन्याचं नाही, तांब्याचं."

त्यांनी रक्ताचा अहवाल वर धरला.

"अन्नातलं जास्तीचं तांबं आपलं यकृत बाहेर टाकतं. रुचीला आईकडून एक आणि वडिलांकडून एक, अशी त्या कामाच्या जनुकाची दोन्ही रूपं बिघडलेली मिळाली. म्हणून तिच्या रक्तात तांबं वाहणारं प्रथिन फार कमी आहे, आणि तांबं यकृतात, मेंदूत, डोळ्यांत साचतंय. वरून लिंबानं लोट्यातलं तांबं पाण्यात उतरतं, आणि तेच तुम्ही तिला पाजताय!"

रुचीच्या आईनं, शांतीबाईनं, तांब्याचा लोटा दूर सारला. "माह्याच हातानं पाजलं वं माय..."

"तुमचा दोष नाही, काकू. एकेक बिघडलेलं रूप तुम्हा दोघांत आहे, पण जोडीचं दुसरं चांगलं, म्हणून त्रास नाही. रवितालाही मात्र दोन्ही बिघडलेलीच मिळाली. तिचंही प्रथिन कमीच आलंय. अजून त्रास नाही इतकंच."

महाराज तत्परतेनं म्हणाला, "म्हणजे दोन देव्या!"

"महाराज, रुची काय म्हणते, सांगा पाहू," डॉक्टर म्हणाल्या.

रुचीनं जीव एकवटून काहीतरी म्हटलं. महाराजानं हात जोडले. "आई म्हणते, गोवर्धनावर मी प्रसन्न हाय!"

रविता हसू दाबत म्हणाली, "ताई, एकेक अक्षर बोल. साऱ्यायले ऐकू दे."

रुचीचा जबडा थरथरला. "हा... ल... बा... ड... हाय."

यावेळी ते शेवटच्या रांगेतल्या म्हातारीलाही कळलं. आधी एकजण फिसकन हसला, मग अख्खं अंगण हसलं. महाराजानं टॉर्च उचलली आणि दुपारच्या बसनं निघून गेला.

गोळ्या आता दोघींना जन्मभर घ्यायच्या आहेत. रुचीची जीभ बरीच सुटली आहे. हात अजून कापतात, ते किती सुधारतील हे डॉक्टरही सांगत नाहीत. वाया गेलेलं ते वर्ष तिला कोणी परत देणार नाही. रविताचे हात मात्र अजून स्थिर आहेत, कारण तिचं औषध वेळेत सुरू झालं.

घरातलं कोणी असं बदलू लागलं, तर त्याला चौरंगावर बसवू नका. दवाखान्यात न्या, रक्त तपासा, भावंडांचंही तपासा. आणि तो माणूस काय सांगतोय ते त्याच्याकडूनच ऐका. मधे महाराज कशाला?