नानाचे कप

"हे बघा आजी, चोरी ती चोरी. मग वस्तू लहान असो की मोठी," मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी टेबलावर एक नट ठेवला. गंजका, लोखंडी, एका कडेला पिवळ्या रंगाचा ठिपका.

जिजीनं नट नंतर पाहिला. आधी तिनं टेबल पाहिलं. त्यावर चहाच्या कपांची वाळलेली वर्तुळं होती आणि एका वर्तुळात माशी चिकटून मेली होती. जिला आपलं टेबल पुसता येत नाही ती बाई दुसऱ्याच्या पोराला वळण लावणार! जिजीचं सगळं आयुष्य असंच गेलं होतं, दुसऱ्याची घाण दिसली की किळस यायची आणि मग तोंड सुटायचं.

"नाना, हा तू घेतलास?"

"हो," नाना म्हणाला.

नाना म्हणजे तिचा नातू. जन्मला तेव्हापासून कपाळाला आठ्या घालून, पेन्शनीत निघालेल्या म्हाताऱ्यासारखा जगाकडे बघायचा, म्हणून नाना. आता मिशी फुटली होती. बोलायला उशिरा लागला, अक्षरं कधी जमली नाहीत. त्याच्यासारख्या मुलांची एक शाळा होती, तिथं तो आनंदात होता. पण अठरा पूर्ण झाली आणि शाळा संपली. आता तो मोठा झाला, म्हणाले. मोठा झाला म्हणजे नेमकं काय झाला, ते मात्र कुणी सांगेना. शेवटी शाळेतल्या बाईंनी या कार्यशाळेत जागा मिळवून दिली. जागा मिळायला लोक वर्षं घालवतात म्हणे. इथं मुलं दिवसभर टबातले नट, बोल्ट आणि वायसर निवडून वेगवेगळ्या डब्यांत भरायची.

"का घेतलास रे?"

नानानं नटावर बोट ठेवलं. "हा काल डब्यात गेला होता. आज परत आला. सारखा येतो. म्हणून खिशात घातला. आता नाही येणार."

मॅडम हसल्या. "बघा! असं काहीतरी बोलतात ही मुलं. गोड असतात हो."

गोड. जिजीला वाटलं, हिच्या तोंडात मुंग्या सोडाव्यात. पण पोरगं चोर ठरत होतं, तेव्हा तिनं जीभ आवरली. "पुन्हा नाही करणार तो," एवढंच बोलली आणि तोंड कडू झालं. आयुष्यात कुणाची माफी मागायची तिला सवय नव्हती.

सुटायची वेळ झाली होती. नानाला घेऊन ती फाटकापर्यंत आली आणि आठवलं, छत्री बाकावरच राहिली. नानाला तिथंच थांबवून ती मागं फिरली.

कामाच्या खोलीचं दार उघडं होतं. आत शिपाई शीळ घालत होता. त्यानं नटांचा डबा उचलला आणि टबात ओतला. मग बोल्टचा. मग वायसरचा. दिवसभर निवडलेलं सगळं. आणि मग बाही वर करून कोपरापर्यंत हात घालून पीठ कालवावं तसं ते कालवू लागला.

"काय करतोस रे हे?"

"उद्याचं काम तयार करतोय, आजी."

"आणि आजचं?"

"आजचं हेच की!"

जिजी छत्रीबित्री विसरली. थेट मॅडमच्या खोलीत शिरली. मॅडम पर्स बंद करत होत्या.

"माल कुठं जातो तुमचा?"

"कसला माल? अहो, जात कुठंच नाही. बाहेर मागणीच नसते. पण मुलांना सवय लागते ना, वेळेवर यायची, एका जागी बसायची. आणि पाहुणे येतात, तेव्हा मुलं कामात दिसलेली बरी. त्यांना कुठं कळतंय?"

"त्याला कळलंय! तुमच्या अख्ख्या कारखान्यात एकच नट कुठंतरी पोचला, तो याच्या खिशात. आणि त्यालाच तुम्ही चोरी म्हणता! थूः तुमच्या कामावर!" जिजीनं टेबलावरचा नट उचलला. "हा नेते मी. आणि उद्यापासून तो येणार नाही. टेबल पुसा जरा."

घरी आली तरी तिचं तोंड चालूच होतं. सूनबाई कपड्यांच्या कारखान्यातून शर्टांना बटणं लावून नुकतीच आली होती आणि पाय पसरून भिंतीला टेकली होती. ऐकता ऐकता तिनं पाय जवळ घेतले.

"म्हणजे जागा सोडलीत?"

"सोडली. लाथ मारली."

"जिजी! एवढी पायपीट करून मिळवलेली जागा! आता काय, दिवसभर खिडकीत बसणार तो? आज तुम्ही आहात. जन्माला पुरणार आहात का त्याला?"

हा घाव बरोबर बसला. म्हणून जिजीनं आवाज आणखी चढवला. "असली जागा! दिवसभर भरायचं आणि संध्याकाळी ओतायचं! तोंडावर शाब्बास म्हणायचं आणि पाठ वळली की केलेलं मातीत घालायचं. किळस येते गं मला असल्या माणसांची!"

नाना मोरीत कप धूत होता. ते काम त्याचं, रोजचं. पाठ न वळवता तो म्हणाला, "तू पण."

"काय मी पण?"

"मी आत गेलो की तू कप परत धुतेस. आधी शाब्बास म्हणतेस. मग धुतेस."

सूनबाईनं खाली पाहिलं. ती हसली असती तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं.

खोटं काय होतं त्यात? जिजी सगळ्यांचंच परत धुवायची. पण सूनबाईचं धुतलेलं भांडं ती सूनबाईच्या नाकासमोर नाचवायची, चार शब्द ऐकवायची आणि मग घासायची. लेकाला तर अंगावरचा शर्ट उतरवायला लावून तो पुन्हा धुतला होता. घरात शाब्बास एकट्या नानालाच मिळायची.

आणि मग जिजीला दुसरंच आठवलं. शाळा संपताना बाईंनी विचारलं होतं, "हॉस्पिटलच्या कॅन्टीनला कपबश्या धुवायला माणूस हवाय. नाना घरी धुतो ना?" तेव्हा जिजी झोकात म्हणाली होती, "धुतो हो, पण मागनं मला धुवावे लागतात! तुमच्या हॉस्पिटलात कोण येणार मागनं?" सगळे खळखळून हसले होते. नाना शेजारच्याच खुर्चीवर बसला होता. त्यानंतर बाईंनी कॅन्टीनचं नाव काढलं नाही, कार्यशाळेचं काढलं.

जिजीनं त्या संध्याकाळी कपांना हात लावला नाही.

दुसऱ्या दिवशी ती शाळेत गेली. एकटीच.

"कॅन्टीनचं बोलायचं होतं," ती म्हणाली. चप्पल बाहेर काढून, उभ्यानंच. बाईंनी खुर्ची पुढं केली तरी बसली नाही.

"ती जागा भरली, आजी. आपल्याच शाळेतली मुलगी लागली तिथं. टिकलीय चांगली."

"दुसरी निघेल?"

"निघेलही. कधी ते कसं सांगू? पण तुम्हीच म्हणाला होतात, की त्याला..."

"मी काय, काहीही बरळते. माझ्या जिभेला हाड आहे का?" जिजी घाईघाईनं म्हणाली. "काय आलं पाहिजे त्याला, ते सांगा."

"कप स्वच्छ हवेत. आणि ते त्याचे त्यानं धुतलेले हवेत."

संध्याकाळी नानानं नेहमीसारखे कप धुतले आणि तिच्यापुढं आणून ठेवले. जिजीनं एक उचलला. कानाच्या बेचक्यात चहाची तपकिरी रेघ होती, कडेला सायीचा पापुद्रा. जिभेवर सवयीनं शाब्बास आली. ती तिनं गिळली.

"नाना, हा काय कप धुतलास? डोळे कुठं ठेवले होतेस? हे बघ, साय! कुत्रंसुद्धा तोंड लावणार नाही याला!"

नाना बघतच राहिला. त्याच्याशी असं कुणी बोललं नव्हतं. आतून सूनबाई धावत आली. "अहो जिजी, त्याला काय..."

"तू मध्ये पडू नकोस. तुझी कढई काल तेलकट होती."

नानाच्या कपाळावरच्या आठ्या गोळा झाल्या. ओठ थरथरला. आता रडतो की काय, म्हणून सूनबाई पुढं झाली. पण त्यानं जिजीच्या हातातून कप हिसकावून घेतला आणि मोरीकडे गेला. नळ सोडला. आदळआपट केली. परत आला.

"रेघ तशीच आहे," जिजी म्हणाली.

"नाहीये!"

"आहे. बोट घालून बघ."

त्यानं बोट घालून बघितलं. मोरीकडे परतला.

जिजी पाटावर बसून राहिली. समोर फळीवर तो पिवळ्या ठिपक्याचा नट होता. नानानंच तो काल तिथं ठेवला होता आणि अजून तो तिथंच होता. मोरीतून घासण्याचा आवाज येत होता. चुकीचा आवाज. घासणी उलटी धरली होती त्यानं, तिला बसल्या जागी कळत होतं. उठून दोन हात मारले असते तर चुटकीसरशी काम झालं असतं.

नळ बंद झाला. नानानं कप खिडकीच्या उजेडात धरला आणि इकडून तिकडून फिरवला. आठ्या घालून आत बघितलं. जिजीनं हात पुढं केला, पण त्यानं कप तिला दाखवलाच नाही. त्याला आत काहीतरी दिसलं होतं. तो पुन्हा मोरीकडे वळला.

जिजीनं हात मागं घेतला आणि दोन्ही हात मांडीखाली दाबून बसून राहिली.