बाराशे पानं आणि एक अंगठा

मित्रांनो, मी एक जुनी वेबसाइट आहे आणि आज मला बोलल्यावाचून राहवत नाही! अर्धांगवायूच्या रुग्णांना पुन्हा हिंडतं-फिरतं करणाऱ्या फिजिओथेरपिस्टांसाठी माझा जन्म झाला. डॉक्टरांनी दोन वर्षं खपून माझ्यात बाराशे पानं भरली. टाळ्या पडल्या, मीही फुगले. पुढे मात्र कुणी फिरकेना. मी फिजिओथेरपिस्टांनाच आळशी म्हणत होते.

एका सकाळी माझी देखभाल करणाऱ्या ताई व्यायामाच्या खोलीत येऊन स्टुलावर बसल्या. मला कोण कसं वापरतं, एवढंच त्यांना बघायचं होतं. समोर फिजिओथेरपिस्ट दादा आणि शिंपीकाका होते. काकांचा उजवा हात लुळा पडला होता, खांदा ठणकत होता आणि त्यांना पुन्हा कात्री धरायची होती.

दादांनी एका हाताने काकांचं कोपर पेललं आणि दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने फोनवर मला उघडलं. मी काय करावं? आधी पासवर्ड मागितला, मग खांद्यावरचे दोनशे लेख त्यांच्या अंगावर टाकले. त्यांनी फोन खिशात घातला आणि भिंतीवरचा व्यायामांचा जुना तक्ता बघून काकांचा हात कप्पीच्या दोरीला बांधायला घेतला. अशा खांद्याला वर ओढू नये, हे माझ्याच नऊशे चाळिसाव्या पानावर होतं!

ताईंनी ते वाचलेलं होतं. त्यांनी दादांना थांबवून पान दाखवलं. दादांचा चेहरा पडला.

"वाचलं असतं हो मी," ते म्हणाले, "पण माझा एक हात कायम पेशंटखाली असतो."

"चूक आमची आहे. आम्ही हे खुर्चीत बसून बनवलं," ताई म्हणाल्या.

मग माझी काय चिरफाड झाली म्हणून सांगू! पासवर्ड गेला, अक्षरं मोठी झाली, काय करू नये ते सगळ्यात वर आलं. ताई पेशंटच्या हाताऐवजी एका हातात वाळूची पिशवी धरून मला वापरून बघायच्या आणि अडलं की दादांना विचारायच्या. आता दोन टिचक्यांत हवं ते सापडतं. जुना तक्ता दादांनी स्वतःच फाडला.

मित्रांनो, आम्हाला घडवून वाऱ्यावर सोडू नका. वापरणाऱ्याच्या शेजारी बसा, त्याचं कुठे अडतं ते बघा.

काकांचा खांदा महिनोन् महिने जपत जपत सुधारला. आज त्यांनी कात्री धरली आणि वीतभर कापड कापलं. खोलीतले सगळे बघत राहिले. काकांनी तो तुकडा उचलून उजेडात धरला.

"वाकडं गेलंय," ते म्हणाले, "पण माझ्या हातचं आहे."