शेवटच्या दृश्याची चाल

ऑफिसात मला 'कानसेन' म्हणतात. गाता येत नाही, पण ऐकता येतं, एवढाच त्याचा अर्थ. तीस वर्षांपूर्वीचे व्हिडिओ गेम आम्ही मोबाइलवर आणतो, आणि त्यातलं संगीत मूळच्यासारखंच वाजतंय की नाही, हे बघणं माझं काम. एक सूर इकडचा तिकडे झाला तरी मी प्रोग्रामरांना सुखाने जेवू देत नाही. नाकाने कांदे सोलायची याला नोकरी मिळाली, असं बायको म्हणते.

तर या कांदे सोलणाऱ्याने काय केलं, ते सांगतो.

एका होडीच्या गेमचं काम होतं. अकरा चाली मी मूळ यंत्र शेजारी ठेवून एकेक करून जुळवल्या. बारावी अगदी शेवटच्या दृश्यात. होडी किनाऱ्याला लागते आणि सगळीकडून पानं गळत राहतात. तिथे पोचायला अख्खा गेम जिंकावा लागतो, आणि खेळण्यात मी अगदीच ढ. पण संगीतकार बाईंच्या हातचा कागद आमच्याकडे होता. त्यावर सगळे सूर, आणि वर वेगाचा आकडा, एकशे ऐंशी. हातच्या कांकणाला आरसा कशाला? तो आकडा घातला आणि 'अचूक' असा शेरा मारून मोकळा झालो.

मग बाईंची सही घ्यायला त्यांच्या घरी गेलो. सत्तरी ओलांडलेल्या बाई, मुलाबरोबर तिसऱ्या मजल्यावर राहतात. माझ्या फोनवर अकरा चाली त्यांनी मान डोलावत ऐकल्या. बारावी सुरू झाली आणि त्यांनी हात वर केला.

"ही माझी नाही. इतकी धावत नव्हती ती. निरोपाची चाल आहे हो!"

मी कागद पुढे केला. "बाई, अक्षर तुमचंच ना?"

चष्मा लावून त्यांनी बराच वेळ बघितलं. "माझंच."

दारात उभा असलेला मुलगा हळूच म्हणाला, "आई, अगं, हल्ली होतं ना तुझं असं." मग माझ्याकडे वळून, "परवा गॅस चालूच राहिला होता. डॉक्टरांना दाखवतोय आम्ही."

बाईंनी वाद घातला नाही. सही केली. "असेल बाबा. माझ्या कानांवर मी तरी आता कशाला विसंबू," एवढंच म्हणाल्या.

भांडणारी माणसं मला चालतात, पण अशी मुकाट्याने हरलेली बघवत नाहीत. आठवडाभर घास गोड लागेना. शेवटी रविवारी मूळ यंत्र घरी आणलं आणि बायकोला खेळायला बसवलं. चार तास ती होडी वल्हवत होती आणि मी तिला चहा पुरवत होतो. अखेर होडी किनाऱ्याला लागली आणि पानं गळायला लागली. इतकी पानं एकदम हलवणं त्या बिचाऱ्या यंत्राला झेपेना. चित्र रेंगाळलं, आणि चित्राबरोबर चालही रेंगाळली. थेट निम्म्या वेगावर आली. आमच्या फोनला कसले कष्ट? तो कागदावरच्या आकड्याप्रमाणे पळत सुटला होता.

"किती छान आहे रे," बायको म्हणाली. मला भयंकर लाज वाटली. चूक माझी, आणि डोकं बिघडल्याचा शिक्का त्या बाईंवर.

सोमवारी ऑफिसात वेग दुरुस्त करून घेतला. पण तेवढ्याने भागणार नव्हतं. संध्याकाळी यंत्र पिशवीत घातलं आणि बायकोलाही बरोबर घेतलं, कारण शेवटचा टप्पा मला काही जमला नसता.

बाईंच्या टीव्हीला यंत्र जोडलं. बायकोने होडी किनाऱ्याला नेली. पानं गळायला लागली, आणि बाईंची बोटं खुर्चीच्या हातावर ताल धरू लागली.

"हीच," त्या म्हणाल्या. "हीच ती! अहो, तेव्हा दृश्य चालू ठेवूनच वेग लावायचे मी. यंत्र ओढेना, म्हणून आकडा वाढवत गेले. कानाला बरं वाटलं तिथे थांबले आणि तोच कागदावर उतरवला."

"तुमचं बरोबर होतं," मी म्हणालो. "मी कागद बघितला, यंत्र ऐकलंच नाही. चूक माझी."

"पुन्हा म्हणा. जरा मोठ्याने."

पुन्हा म्हणालो. खालच्या मजल्यावरही ऐकू गेलं असेल. पण बाई माझ्याकडे बघत नव्हत्या. मुलगा भिंतीला टेकून उभा होता.

"आता तू म्हण."

त्याने घसा खाकरला. "आई, पण त्या गॅसचं..."

"गॅस मी विसरले. ते कधी नाकारलंय का मी? हे म्हण."

तो पुढे आला आणि त्यांच्या खुर्चीपाशी खाली बसला. "आई, तुझं बरोबर होतं."

"होतंच," बाई म्हणाल्या, आणि रडायला लागल्या.