यंत्रात धरलेलं भूत

अमावास्येला मिरजगावाबाहेर पुंजारामबुवाच्या शेडपुढं पाय ठेवायला जागा नव्हती. बुवानं मोबाईल उंच धरला होता. पडद्यावर डोक्याएवढा पांढरा गोळा. ना डोळे, ना नाक. आत काळी भोकं ओळीनं.

"खाली काय लिवलंय? फँटम. शिकल्याल्यांना इचारा, फँटम म्हंजी भूत. नगरच्या यंत्रानं मेंदूत धरलंय. फिट येनाऱ्या परत्येक लेकराच्या डोक्यात हेच बसल्यालं असतं. यंत्रात घातलं की चवताळतं आन् नरडं दाबतं."

सविता गर्दीत बसून हे ऐकत होती. निकिताला, तिच्या नऊ वर्षांच्या लेकीला, फिट येत होत्या आणि डॉक्टरांनी मेंदूचा एमआरआय सांगितला होता. तिनं तो टाळला. बुवाच्या सांगण्यावरून गोळ्या बंद केल्या, अंगारा सुरू केला.

चौथ्या दिवशी निकिताची फिट थांबेना. ओठ निळे पडले. नवऱ्यानं, अजिनाथनं, तिला टेम्पोत घातलं आणि नगरचा दवाखाना गाठला. इंजेक्शननं फिट थांबली. पण यंत्राच्या दाराशी सवितानं लेकीला घट्ट कवटाळलं.

"न्हाई घालू देनार. ते नरडं दाबंल."

यंत्रावरच्या डॉक्टर रेश्मा हसल्या नाहीत. सगळं ऐकून त्यांनी आतून प्लॅस्टिकचा एक गोल डबा आणला. "धरा."

सवितानं तो दोन्ही हातांनी घेतला. डबा जड होता, गार होता.

"खारं पाणी आहे. यालाच फँटम म्हणतात; नाव भुताचं, पण हा माणसाऐवजी ठेवायचा नमुना. माणसाच्या आधी आम्ही याचा फोटो काढतो. आतल्या प्लॅस्टिकच्या काड्या फोटोत काळ्या भोकांसारख्या दिसतात; ती भोकं कुठं यायला हवीत ते आम्हाला माहीत असतं. फोटोत ती जागच्या जागी आली, तर यंत्र खरं बोलतंय. कुणीतरी पडद्याचा फोटो काढून नेला असणार."

त्यांनी डबा यंत्रात ठेवला. पडद्यावर तोच पांढरा गोळा उमटला. सवितानं निकिताचा हात सोडला.

मग निकिता आत गेली. तिच्या मेंदूत जंताच्या अंड्यानं झालेली बारीक गाठ निघाली. "औषधानं बरी होते," रेश्मा म्हणाल्या, "पण फिटच्या गोळ्या चुकवायच्या नाहीत."

पुढच्या अमावास्येला सविता शेडपुढं उभी राहिली. तिला बोलायचं आहे हे पाहून बुवानं शापाची भाषा केली. तरी ती गर्दीकडं वळली.

"ती पान्याची बरनी हाय. मी या हातांनी धरलीया. भ्या मलाबी वाटतंय. पन भ्यापायी लेकराच्या गोळ्या बंद करू नका. माजी पोर मरता मरता वाचली."

एक बाई आपल्या मुलाला घेऊन गर्दीतून उठली आणि सवितापाशी येऊन नगरच्या दवाखान्याचा पत्ता विचारू लागली.